बडोद्यात आवास योजना, कॉर्पोरेशनचा निर्णय आणि आपले प्रश्न (वारंवार विचारले जाणारे)

दांडिया बाजार, वाडी, बाबाजीपुरा, प्रतापनगर, मांजलपूर, कुठेही चार मराठी माणसं बसली की आवासचा, म्हणजे सरकारी योजनेतल्या स्वस्त घरांचा विषय निघतोच. अर्ध्यांना मकान पाहिजे असतं आणि अर्ध्यांना आपल्या सोसायटीशेजारी आवास नको असतं. दोन्ही बाजूंचे प्रश्न परत परत तेच येतात म्हणून एकदाच लिहून ठेवतोय. मी सरकारी माणूस नाही, लोकांचे फॉर्म भरून देतो, त्यामुळे मधेमधे माझी मतं पण येतील, पटली नाहीत तर सोडून द्या.

आमच्या एरियात आवास बांधायचं हे नक्की ठरवतं कोण? महापौर?

महापौर एकटे काही ठरवत नाहीत आणि थांबवू पण शकत नाहीत, हे आधी डोक्यातून काढा. आपलं कॉर्पोरेशन, म्हणजे महानगरपालिका, १९४९ च्या जीपीएमसी म्हणजे गुजरातच्या महानगरपालिका कायद्यावर चालतं (जुनी मंडळी अजून बीपीएमसीच म्हणतात, कायदा तोच). त्यात अधिकार तीन ठिकाणी वाटलेत: सभा, स्थायी समिती आणि कमिशनर. १९ वॉर्ड, दर वॉर्डात ४, म्हणजे ७६ नगरसेवक, त्यांची ती सभा. त्यातल्या १२ जणांची स्थायी समिती, टेंडर आणि खर्च तिथून पास होतो. आणि कमिशनर म्हणजे राज्य सरकारनं पाठवलेला आयएएस अधिकारी, मूळ प्रस्ताव त्याच्या ऑफिसातूनच निघतो. घरं प्रधानमंत्री आवास योजनेतली असतील तर त्याच्या वर राज्याची एक कमिटी आणि दिल्लीची एक कमिटी मंजुरी देते, कारण पैसा तिकडून येतो. त्यामुळे कोणी नगरसेवक छाती ठोकून सांगत असेल की मी आणलं किंवा मी थांबवतो, तर ऐका आणि चहा पिऊन घरी या.

पण जमीन येते कुठून? तो प्लॉट तर वर्षानुवर्षं मोकळाच होता.

मोकळा होता, बेवारस नव्हता. हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि सगळ्यात कमी लोकांना माहीत आहे म्हणून जरा सविस्तर सांगतो.

गुजरातमध्ये शहर वाढतं ते टीपी स्कीमनं, म्हणजे टाऊन प्लॅनिंग स्कीम, कायदा १९७६ चा. एखाद्या पट्ट्यातली सगळी शेतं, प्लॉट एकत्र धरायचे, प्रत्येक मालकाच्या जमिनीतून थोडा थोडा भाग कापून घ्यायचा आणि उरलेली जमीन त्याला नीट चौकोनी आकारात परत द्यायची, त्याला एफपी नंबर म्हणजे फायनल प्लॉट नंबर. कापलेल्या जमिनीतून रस्ते, बगीचे, शाळा, दवाखाने यांच्या जागा निघतात, आणि याच कायद्यात लिहिलंय की स्कीमच्या एरियातली १० टक्क्यांपर्यंत जमीन आर्थिकदृष्ट्या कमजोर लोकांच्या घरांसाठी राखून ठेवता येते. म्हणजे तुमच्या बाजूचा तो मोकळा प्लॉट, जिथे पोरं क्रिकेट खेळायची आणि नवरात्रीत गरबा व्हायचा, तो कदाचित पहिल्यापासून आवाससाठीच राखलेला होता, फक्त कोणी नकाशा बघितला नव्हता. बिल्डरनं फ्लॅट विकताना 'समोर ओपन स्पेस आहे' सांगितलं असेल तर तो प्रश्न बिल्डरला विचारायचा, कॉर्पोरेशनला नाही.

मग हरकत घ्यायची कधी?

ड्राफ्ट टीपी स्कीम जाहीर झाली की एक महिन्याच्या आत. हाच तो महिना. तेव्हा लेखी हरकत दिली तर ती विचारात घ्यावीच लागते. पण त्या महिन्यात कोणी फिरकत नाही, कारण जाहिरात गुजराती पेपरात आत कुठेतरी येते, भाषा किचकट आणि नकाशा बघायला ऑफिसात जावं लागतं. पाच सात वर्षांनी पत्र्याचं कुंपण लागलं, जेसीबी आला की मग व्हॉट्सॲप ग्रुप पेटतो. तोपर्यंत वेळ गेलेली असते असं नाही, पण मग जागेवर भांडता येत नाही, कसं बांधणार आणि सोयी काय देणार यावरच भांडता येतं. आणि माझं मत विचाराल तर खरं भांडण तिथेच आहे.

आमच्याकडे तो प्लॉट बगीच्याचा होता हो, आता तिथे मकान कसं?

नकाशात खरोखर बगीचा लिहिलेला असेल तर तुमची बाजू जोरदार आहे. मंजूर टीपी स्कीममधला हेतू बदलायचा तर स्कीमच रीतसर बदलावी लागते, नुसता ठराव करून चालत नाही. पण आधी खात्री करा. टीपी नंबर आणि एफपी नंबर शोधा, मग आरटीआय टाका, गुजरातमध्ये फी २० रुपये, उत्तर ३० दिवसांत द्यायला लागतं. ऐकीव माहितीवर मोर्चा काढू नका, नंतर तोंड लपवायची वेळ येते.

आवास म्हणजे शेवटी झोपडपट्टीच ना?

नाही. ईडब्ल्यूएस, म्हणजे आर्थिकदृष्ट्या कमजोर गटात यायला कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न ३ लाखांपर्यंत लागतं, म्हणजे महिन्याला २५ हजार. आता बघा आपल्या आजूबाजूला २५ हजारात कोण कोण आहे: रावपुऱ्यातल्या दुकानातला सेल्समन, स्कूलव्हॅनवाला, तुमच्या सोसायटीचा वॉचमन, पोळ्या करायला येणाऱ्या मावशी, छोट्या प्रायव्हेट शाळेतल्या टीचर, मकरपुरा जीआयडीसीत (कारखान्यांच्या वसाहतीत) काँट्रॅक्टवर असलेला आपल्याच नात्यातला पोरगा. ३ ते ६ लाखवाले एलआयजीत, म्हणजे कमी उत्पन्न गटात. घर म्हणाल तर आधीच्या योजनेत ईडब्ल्यूएसला ३० चौरस मीटर कार्पेटपर्यंत, सव्वातीनशे चौरस फुटाच्या आत बाहेर, नवीन २.० मध्ये (प्रधानमंत्री आवासचा दुसरा टप्पा) ३० ते ४५ चौरस मीटर. लहान आहे, पण पक्कं आहे, नळ संडास घरात आहे.

आमच्या फ्लॅटचे भाव पडतील त्याचं काय?

हे सगळे म्हणतात, पुरावा कोणी दाखवत नाही. भाव रस्ता, पाणी, शाळा आणि शेजारची बिल्डिंग कशी ठेवलीय यावर चालतो. शेजारचं आवास पाच वर्षांत भकास झालं तर फरक पडेल, नीट राहिलं तर कोणाच्या लक्षातही येणार नाही. मेंटेनन्सचा प्रश्न पुढे आहे, तो वाचा.

पाणी आणि ड्रेनेज? आत्ताच प्रेशर येत नाही.

ही खरी तक्रार आहे आणि इथे अजिबात मागे हटू नका. चारशे पाचशे घरं एका जागी आली की पाण्याची लाईन, गटार, कचऱ्याची गाडी, अंगणवाडी, रस्ता सगळ्यावर लोड येतो. विचारायचं असं: नवीन टाकी कुठे आणि कधी, ड्रेनेजची लाईन किती मोठी आहे आणि कोणत्या पंपिंग स्टेशनला जाते, पोचरस्ता किती मीटरचा आहे, हे सगळं घरं ताब्यात द्यायच्या आधी होणार की नंतर. 'नंतर' म्हणाले तर ते लेखी मागा.

आणि बडोद्यात पुराचं विचारल्याशिवाय तर काहीच मंजूर होऊ देऊ नये. ३१ जुलै २०१९ ला एका दिवसात २० इंचाच्या आसपास पाऊस पडला होता. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीची धोक्याची पातळी २६ फूट असताना पाणी ३७ फुटाच्या वर गेलं, अर्धं शहर पाण्यात, लोक गच्चीवर आणि मगरी सोसायट्यांच्या रस्त्यावर, हे आपण सगळ्यांनी बघितलंय. तर आवासच्या प्लॉटवर भराव टाकून तो उंच केला की त्या जागेत मावणारं पाणी जाणार कुठे? शेजारच्या जुन्या सोसायटीत. आणि भराव नाही टाकला तर ग्राऊंड फ्लोअरवाल्या गरिबाचं घर बुडणार. म्हणून मागणी करायची की खाली पार्किंग ठेवा, घरं पहिल्या मजल्यापासून, पावसाळी गटार वेगळं, कांस बुजवायची नाही (कांस म्हणजे आपले जुने ओढे नाले, त्यावरच अर्ध्या स्कीमा उभ्या आहेत). या मागणीत सोसायटीवाले आणि आवासवाले एका बाजूला येतात, भांडायचं कारणच उरत नाही.

नदीकाठच्या वस्त्या उठवून लांब घरं देतात ते बरोबर आहे का?

अवघड प्रश्न आहे. नदीत राहू द्या असं कोण म्हणेल, दर दोन तीन वर्षांनी पाणी घरात. पण केंद्राच्या जेएनएनयूआरएम या शहरांसाठीच्या योजनेत (२००५ ला सुरू झाली) घरं बांधायला लागल्यापासून अनुभव असा आहे की सयाजीगंज फतेगंजला काम करणाऱ्या बाईला शहराच्या टोकाला मकान दिलं की तिची चार घरची कामं सुटतात, रिक्षा परवडत नाही, पोरांची शाळा तुटते, आणि मग ती मकान भाड्यानं देऊन परत नदीकाठी येते. मग आपण म्हणतो बघा, यांना घरं दिली तरी विकतात. अहो, तिला घर दिलं पण रोजी काढून घेतली ना.

दुसरा मार्ग म्हणजे जिथे वस्ती आहे तिथेच बिल्डरबरोबर पीपीपीवर, म्हणजे सरकार आणि बिल्डरच्या भागीदारीत बांधायचं, राज्याची त्यासाठी २०१३ ची पॉलिसी आहे. जमिनीच्या एका भागावर झोपडीवाल्यांना घरं फुकट, उरलेल्यावर बिल्डर आपला माल विकतो. कागदावर चांगलं आहे. पण वारसियाच्या संजयनगरचं बघा, २०१७ ला झोपड्या पाडल्या आणि योजना नंतर वर्षानुवर्षं रखडली, लोक भाड्याच्या खोल्यांत. त्यामुळे पीपीपीला हो म्हणायच्या आधी तीन गोष्टी करारात बघा: बांधकाम होईपर्यंतचं भाडं कोण देणार, दर महिन्याला की एकदम, आणि उशीर झाला तर काय.

नोटीस न देता घर पाडू शकतात?

१३ नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की पाडायच्या आधी किमान १५ दिवसांची नोटीस द्यायला पाहिजे आणि म्हणणं ऐकून घ्यायला पाहिजे. पण नीट वाचा, रस्ता, फुटपाथ, रेल्वेलाईन आणि नदी तलावावरच्या बांधकामाला हा निकाल लागू नाही. त्यामुळे काठावरच्या वस्तीला कोणी 'आता कोणी हात लावू शकत नाही' सांगत असेल तर ते चुकीचं आहे. तरी कागद जपा: जुनं लाईटबिल, वेराबिल (घरपट्टीची पावती), मतदार कार्ड. पुनर्वसनाच्या यादीत नाव यायला तेच कामाला येतात.

फॉर्म कोण भरू शकतं? कोकणात आमचं घर आहे.

बडोद्यातल्या मराठी घरात हा प्रश्न हमखास येतो. नियम असा की भारतात कुठेही नवरा, बायको किंवा लग्न न झालेल्या मुलांच्या नावावर पक्कं घर नको. रत्नागिरीला किंवा साताऱ्याला आजोबांचं घर आहे पण ते वडिलांच्या, काकांच्या नावावर आहे आणि तुमचं वेगळं कुटुंब आहे तर तुम्ही अर्ज करू शकता. वारसानं तुमचं नाव चढलेलं असेल तर लपवू नका, ॲफिडेव्हिट करताना अधिकाऱ्याला विचारून लिहा, कारण खोटं निघालं की मकान जातं आणि वरून केस. आणि २.० मध्ये गेल्या २० वर्षांत कुठल्याही सरकारी घरकुल योजनेचा फायदा घेतलेला चालत नाही.

कागद: सगळ्यांचे आधार, रेशनकार्ड, मामलतदार ऑफिसचा आवकचा म्हणजे उत्पन्नाचा दाखला (मुदत बघा, जुना चालत नाही), लाईटबिल किंवा भाडाकरार, बँक पासबुक, फोटो. घर बाईच्या नावावर किंवा दोघांच्या नावावर होतं, नुसतं नवऱ्याच्या नावावर करायचा हट्ट धरू नका.

आम्ही दांडिया बाजारात जुन्या वाड्यात भाडेकरू आहोत, आम्हाला चालेल?

चालेल. भाडेकरू म्हणजे मालक नाही, भले तीन पिढ्या तिथेच काढल्या असतील. हं, मालक जर 'मकान मिळालं की वाडा सोडा' म्हणत असेल तर काही लिहून देऊ नका, जुन्या भाडेकरूचे हक्क वेगळे असतात, वकिलाला दाखवा.

माझ्या पप्पांनी सोसायटीच्या विरोधाच्या पत्रावर सही केलीय. माझा फॉर्म रद्द होईल?

नाही होणार! घर कोणाला ते ठरवणारा ड्रॉ, म्हणजे सोडत, कॉम्प्युटरवर होतो, त्याला पप्पा माहीत नाहीत.

एजंट म्हणतो पैसे द्या, नंबर लावून देतो.

देऊ नका. नंबर आपोआप लागला तर तो म्हणतो मी लावला, नाही लागला तर फोन बंद. पैसे फक्त जाहिरातीत लिहिलंय तिथे भरायचे आणि पावती घ्यायची.

मकान लागलं तर भाड्यानं देता येतं?

२.० मध्ये पाच वर्षं विकता येत नाही, बाकी योजनांची मुदत ऍलॉटमेंट लेटरवर असते, ती वाचा. दुसराच कोणी राहताना सापडला तर मकान हातचं जाऊ शकतं.

आवासच्या बिल्डिंगा इतक्या लवकर खराब का होतात?

दोन कारणं. एक बांधकाम. त्यासाठी रेरा आहे, म्हणजे घर घेणाऱ्यांना संरक्षण देणारा २०१६ चा कायदा, ताबा मिळाल्यापासून ५ वर्षं स्ट्रक्चरमधला किंवा कामातला दोष निघाला तर ३० दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यायचा, आणि घरं विकणारी सरकारी संस्था पण या कायद्यात प्रमोटरच, म्हणजे बिल्डरसारखीच धरली जाते. हे आवासवाल्यांना कोणी सांगतच नाही, ते बिचारे गळणारं छत स्वतःच्या खर्चानं ताडपत्रीनं झाकतात.

दुसरं कारण मेंटेनन्स. ताबा देताना डिपॉझिट घेतात, असोसिएशन बनवा सांगतात आणि सगळे निघून जातात. २५ हजारवाल्याला महिन्याला पाचशे ते हजार रुपये मेंटेनन्स जड जातो, दहा जण देत नाहीत, मग वीस जण देत नाहीत, लिफ्ट बंद पडते, पंप जळतो, सातव्या मजल्यावरची आजी खाली उतरणंच सोडते. माझ्या मते सभेनं घरं मंजूर करतानाच ठरवायला पाहिजे की पहिली काही वर्षं लिफ्ट आणि पंपाचं काँट्रॅक्ट कॉर्पोरेशनच चालवेल, आणि खाली दोन चार दुकानं काढून त्यांचं भाडं असोसिएशनला मिळेल. शेजारच्या सोसायट्यांनी विरोधाच्या पत्रात हे मागितलं तर किती बरं होईल, कारण बिल्डिंग भकास झाली की त्रास त्यांनाच आहे.

मराठी लोकांसाठी कोटा असतो का?

नाही.

जात धर्म बघून घर नाकारता येतं का?

नाही येत, आणि हा विषय टाळून चालणार नाही. हरणीच्या एका मुख्यमंत्री आवास वसाहतीत ४६२ घरं आहेत, तिथे एका मुस्लिम बाईला २०१७ च्या ड्रॉमध्ये मकान लागलं, आणि जून २०२४ मध्ये बातमी आली की तिथल्या ३३ रहिवाशांनी तिला देऊ नका म्हणून लेखी तक्रार केलीय, तोपर्यंत ती तिथे राहायला गेलेलीच नव्हती. लोक अशांत धारा पुढे करतात, तो १९९१ चा कायदा, जाहीर केलेल्या एरियात घर विकायचं तर कलेक्टरची परवानगी लागते. पण तो दोन माणसांमधल्या खरेदी विक्रीसाठी आहे, सरकारी योजनेच्या ड्रॉमध्ये धर्माचा रकानाच नको. मला यात दुसरी बाजू दिसत नाही. ज्यांना स्वतःला ड्रॉनं घर मिळालं त्यांनी दुसऱ्याच्या नंबरवर हरकत घ्यायची, हे काही पटत नाही.

मग विरोधाच्या पत्रात काय लिहायचं?

'असे लोक नकोत' लिहिलंत तर पत्र फाईलला लागतं आणि तिथेच मरतं, वर पेपरात तुमच्या सोसायटीचं नाव येतं. मुद्दे लिहा: टीपी आणि एफपी नंबर, रस्त्याची रुंदी, ड्रेनेज, पुराची लेव्हल, शाळा, पार्किंग. एका पानात. गुजरातीत लिहा, हे महत्त्वाचं, आपल्यात हल्ली बोलता येतं पण लिहिता येत नाही असे बरेच आहेत, शेजारच्या पटेलकाकांकडून तपासून घ्या. एक कॉपी वॉर्ड ऑफिसला, एक खंडेराव मार्केटच्या मेन ऑफिसात, दोन्हीवर इन्वर्ड नंबर आणि शिक्का. शिक्क्याशिवाय पत्र दिलंच नाही असं समजा. आणि तुमच्या वॉर्डचे चारही नगरसेवक गाठा, फक्त ओळखीचा एक नाही. सभा महिन्यातून एकदा तरी भरते, त्याच्या आधी गाठा, नंतर नाही.

आवास नको, स्वतः फ्लॅट घ्यायचाय, काही मदत?

२.० मध्ये (१ सप्टेंबर २०२४ पासून) व्याजावर सबसिडी आहे. उत्पन्न वर्षाला ९ लाखांपर्यंत, घराची किंमत ३५ लाखांपर्यंत, लोन २५ लाखांपर्यंत, त्यातल्या पहिल्या ८ लाखांवर ४ टक्के, सगळं मिळून जास्तीत जास्त १.८० लाख, पाच हप्त्यांत. लोन देणाऱ्या बँकेतच विचारायचं. शिवाय गुजरातमध्ये दस्तावेज एकट्या बाईच्या नावावर केला तर १ टक्का रजिस्ट्रेशन फी माफ आहे, स्टँप ड्युटी भरावीच लागते.

ड्रॉमध्ये नाही लागलं तर डिपॉझिट परत मिळतं?

मिळतं, फॉर्ममध्ये दिलेल्या खात्यात. म्हणून ते खातं बंद करू नका, मोबाईल नंबर बदलू नका, आणि पासबुकवरचं नाव आणि आधारवरचं नाव एकच आहे का ते फॉर्म भरायच्या आधी बघा, आपल्याकडे माहेरचं आडनाव, सासरचं आडनाव आणि मधे वडिलांचं का नवऱ्याचं नाव यात सगळ्यात जास्त फॉर्म अडकतात.